जामीनदार क्रमांक सत्तेचाळीस

१९९८ साली दीक्षा कांबळेच्या वडिलांनी गगनबावड्याच्या रस्त्याला दीड गुंठा जागा बघितली आणि इसार देऊन बसले. घरकर्जाचा अर्ज मात्र बँकेनं परत धाडला. इसार बुडाला. "वय बसत न्हाय म्हणत्यात," एवढंच आबा घरी येऊन बोलले आणि हातपाय धुवायला गेले.

आबा म्हणजे गणपती कांबळे, पाणी खात्यातले चावीवाले. पेठेपेठेत फिरून व्हॉल्व्ह सोडायचे, ठरल्या वेळी बंद करायचे. पंचवीस वर्षांची कायम नोकरी, एका दिवसाचा खाडा नाही. अशा माणसाला कर्ज का मिळू नये? एम.ए.ला अर्थशास्त्र शिकणाऱ्या दीक्षाच्या डोक्यात हा प्रश्न शिरला तो शिरलाच. पुढं जयसिंगपूरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवू लागली, तेव्हा पीएच.डी.ला तिनं हाच विषय घेतला. घरासाठी आणि घरातल्या वस्तूंसाठी कर्ज कुणाला मिळतं, कुणाला नाही, आणि थकलं तर ते फेडतं कोण.

२००३ च्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेतल्या एका पतसंस्थेनं तिला जुनी प्रकरणं बघायची परवानगी दिली. दोन महिने ती तिथल्या फायलींत डोकं घालून बसली. टीव्ही, फ्रीज, मोटारसायकल, घर. थकलेल्या घरकर्जांची त्र्याऐंशी प्रकरणं तिनं वेगळी काढली. प्रत्येकात घर तारण होतं. तरी लिलाव झालेली घरं निघाली फक्त दोन. बाकी सगळी वसुली जामीनदारांच्या पगारातून चालली होती. आणि जामीनदार कोण, तर शिपाई, झाडूवाले, वॉर्डबॉय, चावीवाले.

"हे असं का?" तिनं व्यवस्थापकाला विचारलं. कृष्णात त्याचं नाव. तोंडाचा फटकळ, पण काही लपवणारा नव्हता.

"म्याडम, लिलाव लावला तर घेणारा कोण फिरकत न्हाय. वर संचालकांचं फोन. कोण कुणाचा मेव्हणा, कोण कुणाचा व्याही. पगाराचं तसं न्हाय. वसुलीचा दाखला त्यांच्या खात्याला पाठवला की एक तारखेला पैसा हातात. आणि ही माणसं भांडायला येत न्हाईत की."

संशोधनाच्या रिवाजाप्रमाणं ती जामीनदारांची नावं लिहीत नव्हती, नुसते क्रमांक टाकत होती. सत्तेचाळिसावा क्रमांक टाकताना नाव दिसलं, गणपती केरबा कांबळे. ती थांबली नाही. कोल्हापुरात या नावाची माणसं ढिगानं. मग नजर सहीवर गेली. दुसरीत असताना तिनंच आबांना पाटीवर सही शिकवली होती, आणि तेव्हा तिला स्वतःलाच 'ळ' जमत नव्हता, उलटा काढायची. कागदावरचा ळ उलटा होता.

कर्जदार आबांच्याच खात्यातला साहेब. १९९५ साली दोन लाख घेतलेले. हप्ते थकले आणि नोव्हेंबर १९९७ पासून आबांच्या पगारातून दरमहा अकराशे कापले जात होते. त्याच महिन्यात, ओव्हरटाइम बंद झाला म्हणून आबांनी घरी सांगितलं होतं. वय नव्हे, ही कपात बघून बँकेनं अर्ज परत केला होता, तेही आता उलगडलं. पण दीक्षाचं बोट पुढच्या तारखांवर सरकत होतं. २००० सालचा ऑगस्ट, सप्टेंबर. तेव्हा आई पोटातल्या गाठीनं कळवळत होती. डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, आबा दिवाळीचा बोनस म्हणत होते. दिवाळी गेली. एप्रिलमध्ये आई गेली. त्या एप्रिलच्या रकान्यातही अकराशे होते.

ती घरी आली तेव्हा आबा तांदूळ निवडत बसले होते.

"आबा, साहेबाच्या कर्जाला सही केलीसा?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "बावीस वर्षांत त्या खोलीत मी कधी बसलो न्हवतो. दारातनंच बोलायचं. त्या दिवशी साहेबांनी खुर्ची दिली. च्या मागवला, त्यांच्याच कपबशीतनं. म्हणाले, गणपत, तुझ्या सहीला वजन हाय. नको म्हणायला जीभच उचलली न्हाय, पोरी."

"आणि आईपासनंबी लपवलंसा?"

"अंजनाला ठावं हुतं. तीच म्हणाली, दीक्षीच्या कानावर घालू नगासा, शिकायचं सोडंल."

दीक्षाला रागवायला माणूस उरला नाही.

कर्जदारांच्या मुलाखती घ्यायच्या होत्याच. ती साहेबाच्या घरीही गेली. दुमजली घर, नवा रंग, दारात गाडी. "हप्त्याची आम्हाला कधी अडचण आली नाही," साहेब म्हणाला. तिनं उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. आपण कोण हे सांगितलं नाही.

तिनं आबांच्या नावानं सहकार खात्याकडं अर्ज केला. आधी तारण घर विका, मग जामीनदाराकडं या. दोन वर्षांनी उत्तर आलं. जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो, आधी कुणाला धरायचं हे संस्थेनं ठरवायचं. तोवर आबा निवृत्त झाले होते. शेवटच्या पगारातूनही अकराशे गेले. पुढच्या महिन्यापासून चिमणाबाई नावाच्या झाडूवालीच्या पगारातून कपात सुरू झाली. दुसरी जामीनदार ती होती.

मार्गदर्शकांनी समजावलं, जामीनदारांचं हे प्रकरण प्रबंधातून गाळा, पतसंस्थेचे अध्यक्ष तुमच्याच कॉलेजच्या मंडळावर आहेत. दीक्षानं गाळलं नाही. २००६ साली पदवी मिळाली आणि त्याच जूनमध्ये कॉलेजनं तिचे तास दुसऱ्याला दिले.

प्रबंध इंग्रजीत होता. तिनं ते प्रकरण आबांना मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यात माझं नाव कुठाय?"

"नावं घालत नसतात, आबा. तुमी जामीनदार क्रमांक सत्तेचाळीस."

"घालायचं हुतंस की," आबा म्हणाले. "म्या काय चोरी केली न्हाय."

प्रबंध विद्यापीठात जमा झाला होता, आता त्यात एक अक्षरही घालता येणार नव्हतं. तिनं तसं त्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी छातीत कळ येऊन आबा गेले.