तुटण्याआधी जांभळा होणारा पट्टा

आमच्या नणंदबाईंची नोकरी तोडायची. कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत त्या प्लास्टिकच्या पट्ट्या यंत्राच्या दोन चिमट्यांत अडकवतात आणि तुटेपर्यंत ताणतात. लोक कामावरून आले की काय जमलं ते सांगतात; या दारातूनच म्हणतात, "आज काय सुरेख तुटली!" मी या घरात नवी होते तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

सवय हाडीमाशी खिळलेली. नवी पिशवी दिसली की बंद ओढून बघणार, मी कणीक मळून ठेवली की गोळा घेऊन लांबवणार. "किती सोसेल ते कळायला नको का?" माझे यजमान, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, त्यांना ताणताई म्हणतात. त्या रागावत नाहीत, चिडवणाऱ्याचा कान तेवढा ओढून बघतात.

सासूबाईंचे पाय गेले तेव्हा त्यांना अंथरुणातून चाकाच्या खुर्चीत न्यायला आम्ही एक उचलयंत्र आणलं. वर दांडा, खाली पट्ट्यांनी टांगलेली कापडी झोळी. एका सकाळी त्यातला एक पट्टा फाटला. वरून धड दिसत होता, आतून विरला होता. सासूबाई गादीवरच पडल्या, लागलं नाही, पण त्यांनी झोळीचं नाव टाकलं. "हाडं माझी आहेत. छताकडे बघत पडेन, पण त्या पाळण्यात बसणार नाही." जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची झाडाझडती घेणारी ही बाई खोलीत एकटीच जेवू लागली. घर इतकं शांत झालं की मला करमेना.

नणंदबाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्यांच्याकडे तेव्हा एका नव्या चिवट प्लास्टिकची चाचणी चालू होती. रंग पिवळसर. झेपेल त्याहून जास्त ओढ बसली की नेमक्या त्या जागी जांभळा डाग उमटतो, आणि तोही तुटायच्या बराच आधी. साहेबांना विचारून त्यांनी त्याचे पट्टे शिवून आणले. प्रत्येकाला आईच्या दुप्पट वजन टांगून बघितलं होतं.

"रंग बदलणाऱ्याचा काय भरवसा?" सासूबाई म्हणाल्या. "सरडाच तो."

"अगं, हा तुझ्यासारखा आहे. राग आला की लगेच दिसतो," नणंदबाई म्हणाल्या.

"मला राग येतो?"

"छे, कधीच नाही," असं म्हणून हे दाराबाहेर सटकले.

बऱ्याच मनधरणीनंतर सासूबाई वीतभर उचलून घ्यायला तयार झाल्या. यांनी पट्टे अडकवले, मी पाय धरले, नणंदबाईंनी दांडा हळूहळू वर घेतला. सासूबाईंनी डोळे मिटले नव्हते. त्यांची नजर पट्ट्यांवर खिळलेली होती.

"अगं, जांभळा झाला," त्याच म्हणाल्या.

नणंदबाईंनी त्यांना अलगद गादीवर टेकवलं. बघतात तर डाव्या पट्ट्याला गाठ, आणि गाठीच्या कडेला वांग्यासारखा गडद डाग.

"लांब होत होता, म्हणून मारली," हे पुटपुटले.

"गाठीपाशी सगळी ओढ एकवटते रे. मला विचारायचं होतं."

"तू कणीक ताणत होतीस."

मला वाटलं, संपलं सगळं, आता या जन्मी सासूबाई झोळीत बसायच्या नाहीत. त्यांनी पट्टा हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे यानं तुटायच्या आधी सांगितलं?"

"हो आई."

"आधीचा मेला मुका होता." मग त्यांनी हुकूम सोडला. "उचला परत. आणि हा गाठ मारणारा लांब उभा राहू दे."

"हा पट्टा नको. एकदा ताणलाय, तो बाद. दुसरा आहे," नणंदबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून पिशवीत बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. पट्टे वरच तर होते.

या खेपेला पट्टे पिवळेच राहिले. सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि आम्ही तिघं उगाचच हसत सुटलो.

आता त्यांचा पाय एका जागी ठरत नाही म्हणायला हरकत नाही. सकाळी खिडकीशी, दुपारी टेबलाशी, मधेच ओट्याजवळ. काल मी भाजी हलवत होते तर मागून चाकं वाजली.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही अजून चाखलीही नाही."

"रंगावरून कळतं."