हारातला खोटा रुपया
सून समई घासायला चिंच भिजवते आणि तो आंबट वास आला की मला माझा राणीछाप रुपयांचा हार आठवतो. लढाईचे दिवस होते. नव्या रुपयात चांदी निम्मीच आली, म्हणून जुने रुपये तोळ्यावर घेणारा एक व्यापारी धरणगावाहून आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. भाव आहे तोवर माझा माहेरचा हार विकायचा, हे सासूनं परस्पर ठरवलं. तो असायचाही तिच्याच पेटीत. तिचा त्या माणसावर काडीचा विश्वास नव्हता. तिनं त्याच्या तराजूच्या पारड्यांचीसुद्धा अदलाबदल करायला लावली. त्यानं हार सोडवला, रुपये चिंचेच्या पाण्यात धुतले आणि एकेक दगडी उंबऱ्यावर वाजवला. बाकीचे खणखणले, एक बद्द वाजला. "अक्का, हाऊ खोटा शे." सासू माझ्यावरच उसळली, "तुना बापना घरना शे हाऊ!" माझ्या वडिलांनी तर प्रत्येक रुपया माझ्यासमोर वाजवून पाहिला होता. मी तो हातात घेतला. ओवायला प्रत्येक रुपयाला डाग देऊन कडी बसवलेली होती; धुऊनही बाकीच्यांच्या कड्यांचे जोड काळेच होते, याचा मात्र चकचकीत. "आत्याबाई, हाऊ जोड नवा शे," एवढंच मी म्हणाले. तिनं रुपया माझ्या हातातून ओढून पदराच्या गाठीत बांधला, व्यापाऱ्याला वाटेला लावलं, आणि त्यानंतर माझ्या माहेराचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. आता सून माहेरी जाताना दागिने माझ्याकडे ठेवायला आणते. मी हात लावत नाही. म्हणते, "तुझं तुझ्याजवळ ठेव, आणि रोज उघडून बघत जा."