ओट्यावरून मारलेली उडी

बायकोला पाचवा महिना सरत आला होता. ती माहेरी नांदेडला होती, म्हणून सोनोग्राफी तिथंच केली. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी किंचित जास्त दिसतंय, म्हणाले. बहुतेकदा काही होत नाही, तरी महिनाभरानं परत या.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणले?"

"सगळं बरं हाय."

डोक्यात पाणी, हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

मी तिला लातूरला घेऊन आलो. गणपती बुडवले आणि त्याच पहाटे भूकंप झाला. आमचं घर पडलं नाही. घाबरून ती ओट्यावरून उडी मारून रस्त्यावर आली, एवढंच.

मुलगी झाली. उशिरा बोलली, कुणात मिसळायची नाही. माझी आई म्हणायची, "पोटुशी बाई उड्या मारती व्हय? भूकंपाचं लेकरू हाय, असंच राहणार." बायको मान खाली घालून ऐकायची. मीही ऐकायचो.

अकरावीला मुलगी क्लासला जाऊ लागली. आमच्या वरच्या खोल्यांत क्लासच्याच पोरी भाड्यानं राहायच्या. मुलगी म्हणायची, त्या माझे मार्क मोठ्यानं वाचतात. दिवाळीला पोरी गावी गेल्या, खोल्यांना कुलपं लागली. तिला ते वाचणं ऐकू येतच राहिलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, गरोदरपणी काही झालं होतं?

"मी उडी मारली होती," बायको लगेच म्हणाली.

पुढं मी एकटाच जाऊन त्यांना नांदेडचं सांगितलं. म्हणाले, तेवढ्यामुळंच झालं असं कुणी सांगू शकत नाही. जोखीम थोडी वाढते. माहीत असतं तर लहानपणापासून लक्ष ठेवता आलं असतं.

"आणि उडी?"

"तिचा काही संबंध नाही."

हे घरी सांगायला मला कितीतरी वर्षं लागली. तोवर आई वारली. मुलगी गोळ्यांवर बरी असते. परवा बायको मेथी निवडत होती, तेव्हा सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत.

"परत बोलावलं होतं?"

"हो. पण भूकंप झाला ना."

"भूकंप इकडं झाला. नांदेडचा दवाखाना तर चालूच होता की."

मेथी तशीच ठेवून ती आत मुलीकडं गेली.

"मी उडी मारली म्हणून नाही गं," एवढंच मला बाहेर ऐकू आलं.