सव्वीस पावलं

माझ्या पिशवीत काय काय आहे ते मला न उघडता सांगता येतं. दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर, पिनांची डबी, सुईदोरा, तापाच्या गोळ्या आणि शिंप्याकडे असते तशी कापडी टेप. डहाणूत घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत मी फायली लावते. एका फायलीला बावीस कागद लागतात. त्यांची यादी मीच केली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. चौदावा कागद मूल्यांकनाचा. कंपनीने नेमलेला माणूस घर बघतो, मोजतो आणि त्याची किंमत लिहून देतो. त्या किमतीवर कर्ज ठरतं.

आमच्याकडे ते उलटं चालायचं. साहेब आधीच फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा लिहायचे, बिल्डरने सांगितलेल्या भावाला पुरेल असा. चार दिवसांनी अहवाल यायचा, त्यात तोच आकडा शाईत. मग मी पेन्सिलचा आकडा खोडायची आणि चौदासमोर खूण करायची. मूल्यांकन करणाऱ्याचं ऑफिस चारोटीला, बिल्डरच्याच ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होतं, बिनभाड्याचं. त्याच बिल्डरच्या रो-हाऊसमधली दोन घरं साहेबांनी बायकोच्या नावावर घेतली होती. त्यांच्याही फायली मीच लावल्या. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"मॅडम, तुम्ही कशाला डोकं शिणवता?" साहेब म्हणायचे. "गिऱ्हाईक खूश, बिल्डर खूश. तुम्ही आपलं रबर चालवा."

मी चालवलं.

माझी आई नरपडच्या घरी अंथरुणाला खिळली होती तेव्हा एक नर्स यायची. मूळची झरीच्या एका पाड्यावरची, नोकरी आमच्या भागातल्या उपकेंद्रात. ड्युटी संपली की सायकल वाडीच्या कुंपणाला टेकवून आत यायची आणि आईच्या पाठीची जखम धुवायची. दर सोमवारी माझी टेप जखमेवर अधांतरी धरून मापं घ्यायची. "लिहा ताई, लांबी साडेतीन, रुंदी दोन." मी वहीत लिहायची. आकडे उतरू लागले तेव्हा आई तिला म्हणाली, "तू मला शिवणार आहेस की काय गं, सारखी मापं घेतेस ती?" दोघी किती हसल्या. पैसे तिने कधी घेतले नाहीत. फार आग्रह केला तर पिशवीभर चिकू न्यायची.

आई गेल्यावर वर्षाने ती आमच्या शाखेत आली. चारोटीच्या त्या रो-हाऊसमधलं एक घर तिला घ्यायचं होतं, ते वडिलांसाठी. त्यांना दम्याचा जोराचा त्रास. पाड्यापर्यंत गाडी येत नाही, झटका आला की झोळीत घालून रस्त्याला आणायचं. चारोटीहून कासाचा सरकारी दवाखाना रिक्षाने दहा मिनिटांवर. "एकदा वेळेत पोचलो नाही तर संपलं, ताई," ती म्हणाली. नवरा टेम्पो चालवायचा. दोघांच्या पगारात हप्ता बसत होता.

मूल्यांकनाच्या दिवशी तिने मलाही बोलावलं. वडीलही आले होते, पांढरा सदरा घालून. मूल्यांकन करणारा गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून मोबाईलवर दोन फोटो काढले.

"सर, चहा मागवलाय," ती धावत गेली.

"नको, अजून तीन बघायचीत," म्हणाला आणि गेला.

म्हातारबाबा मात्र आत शिरले. लेकीने त्यांना सांगितलं होतं की कागदावर घर तीस फूट लांब आहे. त्यांनी चप्पल काढली, दाराशी टाच टेकवली आणि पावलाला पाऊल लावत मागच्या भिंतीपर्यंत गेले. मध्ये दोनदा थांबून दम घेतला. मग परत तसेच उलटे आले.

"सव्वीस," ते म्हणाले.

"बाबा, तुमचं पाऊल मोठं असेल," जावई म्हणाला.

"माझा पाय फुटाला पुरत नाय. तीसच्या वर भरायला पायजे होती. बाय," हे मला, "कागदात घर मोठा हाय, पायाला बारीक हाय."

त्यांनी पाड्यावरची तीन घरं अशीच पावलं मोजून, खांब रोवून उभी केली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "बाबा, भिंतींची जाडी मोजायची राहिली तुमची." सगळे हसले. तेही हसले, पण चप्पल घालताना पुन्हा भिंतीकडे बघत राहिले.

लेकीने मला बाजूला घेतलं. "ताई, किंमत बरोबर आहे ना?"

"कंपनीचा माणूस बघून गेला ना आत्ता," मी म्हटलं.

फाईल पूर्ण झाली. मी आकडा खोडला, खूण केली.

तिथे राहायला गेल्यावर दोन वर्षं बरी गेली. बाबा ओट्यावर बसायचे, दोनदा दवाखान्यात वेळेत पोचले. मग टेम्पोला अपघात झाला, जावयाचा पाय गेला. एका पगारात हप्ता निघेना. तिने हिशेब साधा मांडला: घर विकायचं, कर्ज फेडायचं, उरेल त्यात कासाला एक खोली घ्यायची. गिऱ्हाईक मिळालं. त्याच्या बँकेने आपला माणूस पाठवला. तो गाडीतून उतरला, लेसरचं यंत्र भिंतीला लावलं आणि पंचवीस फूट लिहिलं. किंमत इतकी खाली आली की कर्ज फिटून हातात काही उरलं नाही. कासाची खोली राहूनच गेली. बाबा झरीला परत गेले.

ती चौदावा कागद मागायला आली तेव्हा मीच काढून दिला. तीस फूट, सही, शिक्का. साहेब तोवर बढतीवर गेले होते. तिने कागद वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "बाबांना सांगायला पाहिजे."

थंडीत बाबा गेले. सकाळची वेळ होती, झोळी अजून रस्त्याला लागली नव्हती.

त्यांच्या दिवसांना मी झरीला गेले. अंगणात बायका भाकऱ्या थापत होत्या. एका म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं की ते पाड्यावर सगळ्यांना सांगायचे, माझी सव्वीस बरोबर होती, मशीनला पण एकच कमी दिसला. शेवटी शेवटी फार खुशीत सांगायचे म्हणे.

निघताना नर्स मला पायवाटेपर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिने हातात घेतली होती, चढ होता म्हणून. वर पोचल्यावर ती परत देताना थांबली.

"ताई, त्या दिवशी पिशवीत टेप होती ना?"

"होती," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि उतरून गेली.