सहाव्या दिवशी कुठे होतात?

मला सांगा, कोर्टात अपील करायला उशीर झाला तर विश्वास कुणावर ठेवायचा? वकिलावर, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर, की खाडीच्या तरीवर होडी हाकणाऱ्या तांडेलावर? जामसंड्यात माझं किराणा दुकान. जागेचा दावा मी हरलो आणि अपिलासाठी रत्नागिरीच्या, तेव्हा आमचा जिल्हा तोच, कोर्टाच्या व्हरांड्यात बसू लागलो. तिथे असे किस्से आपोआप साठतात!

*

मसुऱ्याच्या एकाने उशीर माफ करण्याच्या अर्जात लिहून दिलं, "दहा दिवस तापाने अंथरुणात." समोरचा वकील म्हणाला, "मग दशावतारात राजा कोण झाला होता?"

"मीच! ताप होतो म्हणानच राजा झालंय, साहेब. राजाक नुसता बसान रवाचा आसता!"

अर्ज नामंजूर.

*

दुसऱ्याला देवाचा कौल मिळेना, म्हणून आठ दिवस उशीर. जज्जसाहेब शांतपणे म्हणाले, "मुदतीचा कायदा देवाला लागू नाही. तुम्हाला आहे."

*

पण एका खलाशाचे वीस दिवस त्यांनी पटकन माफ केले. गलबत वादळात कारवारला अडकलं होतं. मग साहेब बघतात तरी काय? मला भारी कुतूहल! कारकून म्हणाला, "किती दिवस ते नव्हे शेठ. प्रत्येक दिवस कुठे गेला, ते."

*

माझा उशीर सहा दिवसांचा. माफी नाही तर अपील नाही, आणि अपील नाही तर दुकान गेलं! पाच दिवस खाडीला पूर, पलीकडे नेणारी तर बंद. सहाव्या दिवशी मात्र होडी सुरू झाली होती. माझे वकील म्हणाले, "त्या दिवशी आजारी लिहू." मला तो मसुऱ्याचा राजा आठवला. म्हटलं, "नको."

पुराचे पाच दिवस ऐकून साहेबांनी विचारलंच, "सहाव्या दिवशी कुठे होतात?"

"यांच्याच घरी होतो, साहेब." मी समोरच्या पार्टीकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, बापूकडे बोट दाखवलं. "गणपतीच्या भजनाला. मृदंगावर."

बापूचा वकील उसळला, "दावा चालू असताना? शक्यच नाही!"

साहेब बापूकडे वळले. "आले होते?"

बापूने नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी दुकान त्याचं होतं. तो वकिलाकडे न बघता म्हणाला, "होय, ह्यो इलो होतो. वाजवूक माणूस नव्हतो, मीच बोलयलंय."

साहेबांनी लिहिलं, उशीर माफ.

बाहेर मी विचारलं, "बापू, असा कित्याक सांगितलंस?"

"गणपतीसमोर वाजयलंस, ता नाय म्हणान सांगू? अपिलात मात्र तुका सोडूचंय नाय!"

तेव्हा मंडळी, उशीर झालाच, तर दिवसांचा हिशेब तेवढा खरा ठेवा.