नदी किती वेळा ओलांडली

आमच्या गावाशेजारी नदी आहे आणि नदीपलीकडे दुसरं राज्य. पलीकडची माणसं तेलुगू बोलतात, आम्ही आमचं बोलतो. सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर. आमच्याकडे शनिवारचा बाजार, त्यांच्याकडे मंगळवारचा. मी सोळा-सतरा वर्षांची असताना दोन्ही राज्यांनी मिळून तिथे एक कार्यक्रम सुरू केला. दोन्ही काठांना मिळून दवाखान्याची एक नाव, त्यात एक नर्सबाई, आणि बाजाराच्या दिवशी फुकट ने-आण. पैसा बाहेरच्या कुठल्या तरी देशाचा होता. त्याचा उपयोग झाला की नाही हे मोजायचं काम पुण्यातल्या एका लहानशा संस्थेकडे होतं.

मोजायची रीत अशी. आधी घरातल्या पंधरा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा वेगळा फॉर्म भरायचा. गेल्या महिन्यात किती दिवस आजारी होता? नदी किती वेळा ओलांडली? काही तक्रार आहे का? मग तीन वर्षांनी त्याच माणसाला गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दोन उत्तरांमधला फरक म्हणजे कार्यक्रमाचं फळ.

पहिल्या खेपेला संस्थेच्या मॅडम स्वतः आल्या होत्या. मी त्यांना घरं दाखवत फिरले. आठवीतून शाळा सुटलेली, दुसरं काम नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात फॉर्म दिले आणि मी भरलेले बघून म्हणाल्या, "अक्षर छान आहे गं तुझं. येतेस पुण्याला? कॉम्प्युटर शिकवते."

मला मावशीनं वाढवलेलं. आईबाप आठवतही नाहीत. मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "जाय. इथं कोनाची वाट पायतं?"

अशी मी पुण्याला आले. धायरीत दोन मुलींबरोबर खोली घेतली आणि बसने सदाशिव पेठेत यायला लागले. ऑफिस एका डॉक्टरांच्या दवाखान्यावर, पहिल्या मजल्यावर. खोलीतली एक मुलगी हिंजवडीच्या कंपनीत होती, ती मला म्हणायची, "यार, तू किती टेन्शन घेतेस, डेटा एन्ट्रीच तर आहे." पण मला रोज जिना चढताना वाटायचं, आज कुणीतरी विचारणार, तू किती शिकलीस? मॅडमना ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. सर म्हणजे संस्थेचे मुख्य, कमी बोलणारे. मी त्यांना चहा नेऊन द्यायला लागले तेव्हा म्हणाले, "अहो, आपल्याला इथे चहासाठी आणलेलं नाही. बसा जागेवर." त्या 'अहो'नं मी दिवसभर हरखून होते. मला आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं.

तीन वर्षं गेली. दर दोन महिन्यांनी दादाचं, म्हणजे मावसभावाचं, पत्र यायचं. सगळे बरे आहेत, मावशी बरी आहे, तू काळजी करू नको. मी गावी गेले नव्हते. दोन दिवसांचा प्रवास, आणि खरं सांगायचं तर रजा मागायची भीती. वाटायचं, मी नसताना त्यांना कळेल की माझ्यावाचून काही अडत नाही.

मग दुसऱ्या खेपेचे फॉर्म आले, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत. या वेळी तिकडचीच पोरं नेमली होती. जुना फॉर्म डावीकडे, नवा उजवीकडे ठेवायचा आणि आकडे टाकत जायचे, हे माझं काम.

पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात माझी बोटं आपोआप शून्याच्या बटणावर जायला लागली. आजारी दिवस शून्य. नदी शून्य. तक्रार नाही. पुढचा फॉर्म जिवंत, म्हणजे त्यात ताप, खोकला, नावाड्याला शिव्या, नर्सबाई वेळेवर येत नाही. त्याच्या पुढचा पुन्हा शून्य, शून्य, नाही. तीन वर्षांपूर्वी ज्या म्हाताऱ्यांनी गुडघ्यांपासून डोळ्यांपर्यंत सगळं रडगाणं सांगितलं होतं, त्यांचं आता काहीही दुखत नव्हतं. ते कुठं जातही नव्हते. वय मात्र प्रत्येकाचं बरोबर तीन वर्षांनी वाढलेलं.

दुपारी पेठेत सगळं बंद असतं. खालचा दवाखाना बंद, समोरचं दुकान बंद, रस्त्यावर स्कूटरसुद्धा नाही. अशा वेळी ते फॉर्म वाचताना मला वाटायचं, ही माणसं कुठंतरी एका ओळीत गप्प बसलेली आहेत, आणि मी एकेकाला हाक मारते आहे.

मॅडमना आकडे जुळेनात. "आजार कमी झालेत, तक्रारी कमी झाल्यात, हे छान. पण मग लोकांनी नदी ओलांडणंही कसं थांबवलं?"

सर म्हणाले, "बरे झाले, म्हणून दवाखान्यात जात नाहीत. त्यात नवल काय? आपण पुणेकर तरी उगाच जातो का कुठे?"

सगळे हसले. अहवालात तसंच लिहायचं ठरत होतं.

आणि मग आमचं गाव आलं. आमचं घर. मावशीचा फॉर्म.

मी खुर्चीतच सरळ झाले. आजारी दिवस शून्य. मला आधी आनंदच झाला. तिचा दमा गेला! तक्रार नाही. नदी शून्य. इथे मी थांबले. पलीकडच्या काठावर मावशीची सख्खी बहीण, माझी धाकटी मावशी, दिलेली. मंगळवार चुकला तर मावशीला जेवण जात नसे. मी पान उलटलं. खाली 'सही किंवा अंगठा' अशी जागा असते. डावीकडच्या जुन्या फॉर्मवर तिची सही होती, वाकडीतिकडी, शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलेलं. ती मीच तिला शिकवली होती, चुलीपुढे राखेत गिरवून. नंतर ती रेशनवाल्यालाही दटावायची, "अंगठा कायले? मी का अडाणी हाय?"

उजवीकडे अंगठा होता. निळा, स्पष्ट, लहानसा.

मी ऑफिसातून उठले ती न सांगता. तीन वर्षांत पहिल्यांदा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, दादाला बोलवायचा निरोप ठेवला आणि तासभर तिथेच स्टुलावर बसले. बूथवाले काका म्हणाले, "फोन करायचा नसेल तर बाकडं बाहेर आहे." मी उठले नाही. पुन्हा फोन लावला.

"जयभीम, दादा. मावशी कशी हाय?"

"बरी हाय ना."

"तिले बलाव फोनवर."

"वावरात गेली."

"दादा, फॉर्मवर अंगठा कोनाचा हाय?"

फोन चालूच होता. दुकानात कुणीतरी गूळ मागत होतं ते ऐकू येत होतं. मग वहिनीचा आवाज आला. "बाई, मावशी गेली. सव्वा वर्ष झालं. तीन दिवसाचा ताप. तिच्या नावानं पुण्यानुमोदनबी झालं. तिनंच सांगतलं होतं, पोरीले कळवू नका, ते धावत येईन अन् मंग वापस जानार नाही."

मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी फॉर्मचंच विचारलं असणार, कारण वहिनी सांगायला लागली. "तो पोरगा म्हने, मांगं जिनं उत्तर देल्लं तिनंच द्याचं, नाही त तुमचं घर लिस्टीतून कटते. आमाले भेव वाटलं. घरं कटले त नाव बंद होईन. सगळ्याइनं तसंच केलं. मी मावशीच्या जागी बसली. तो मावशीले विचारे, मी मावशीचं सांगो. पन खोटं नाही बोलली, बाई. त्यानं विचारलं, किती दिवस बिमार? मी म्हटलं, एकबी नाही. नदी? एकबी डाव नाही. तक्रार? आता तिची काय तक्रार?"

खरंच, खोटं कुणीच बोललं नव्हतं. पोरांना दिलेला नियम आमच्याच ऑफिसातून गेला होता. तो टाइप मी केला होता. 'उत्तर देणारी व्यक्ती तीच असावी.' व्यक्ती नसेल तर काय करायचं, ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं, आणि तिथपर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

मी परत जिना चढले. वाटलं, आता ही नोकरीही गेली. मॅडमना आणि सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे आपला कार्यक्रम सर्वांत यशस्वी झाला तो मेलेल्यांत." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "आपण घरी जायला हवंत. गाडी कधी आहे?"

"परवा," मी म्हणाले. "तोवर फॉर्म वेगळे काढते. मला ओळखता येतात."

"कसे?" मॅडमनी विचारलं.

"जिवंत माणूस सगळीकडे शून्य देत नाही."

दीड दिवस मी तेच केलं. शून्य, शून्य, नाही, असा फॉर्म उजव्या ढिगात. मॅडम त्यातल्या एकेकाची गावाकडून फोनवर खात्री करायच्या आणि रकान्यात खूण करायच्या, मृत किंवा स्थलांतरित. मावशीच्या फॉर्मवर खूण मी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या ढिगात एक फॉर्म टाकला आणि पुढचा घ्यायला हात नेला, तर टाकलेल्या फॉर्मवर आमचा घरक्रमांक दिसला. उचलून बघितलं. तो माझा होता. वय बरोबर तीननं वाढवलेलं. आजारी दिवस शून्य. नदी शून्य. तक्रार नाही. खाली तोच लहानसा निळा अंगठा.

वहिनी मावशीच्या जागेवरून उठून माझ्या जागी बसली असणार. मीही घरात नव्हते. माझ्यामुळेही घर कटलं असतं.

खोलीत कुणी नव्हतं. पंखा चालू होता. मी मुद्दाम खोकले. आवाज आला, पण तो माझा आहे असं वाटेना. तीन वर्षांत मी एकदाही आजारी पडल्याचं सांगितलं नव्हतं, पडले तेव्हासुद्धा. रजा नाही. तक्रार तर कधीच नाही. तक्रार करणारी माणसं परत पाठवतात, असा माझा समज. त्या फॉर्ममधला एकही आकडा मला चूक ठरवता येईना.

मॅडम जेवून आल्या तेव्हा मी तो हातात धरून उभी होते. त्यांनी वाचला. माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि एक कोरा फॉर्म घेतला.

"तू इथे आहेस, तर तुलाच विचारून भरू. गेल्या महिन्यात किती दिवस आजारी होतीस?"

"चार," मी म्हणाले. "ताप होता. तशीच येत होते."

त्यांनी लिहिलं. "नदी?"

"एकदाही नाही."

"काही तक्रार?"

माझ्या तोंडात नेहमीचं उत्तर आलं होतं. ते मी गिळलं.

"आहे."

मॅडमचं पेन थांबलं. त्या चौकटीत 'आहे' आणि 'नाही' एवढेच दोन शब्द छापलेले होते, खूण करायला. त्यांनी खूण केली नाही. कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि म्हणाल्या, "सांग. सावकाश सांग."