सांडव्यासाठी राखलेलं पद

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. जळकोटच्या बाजारात अप्पांच्या कापडदुकानात दुपारभर नुसतं बसायचं. त्या वर्षी तिथं पाणी सोडून सगळं साठत होतं! लातूर जिल्हा नवाकोरा होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. गिऱ्हाईक नाही, म्हणून दुकानात भजन. गाणारे अप्पा, पखवाजावर रहीमचाचा, पदं रचणारे शाळेतले कांबळे गुरुजी आणि दिल्लीत एम. ए. करून, मराठवाड्यात कलेची चळवळ उभी करायची म्हणून परतलेला मी.

*

पहिल्याच आठवड्यात मी भाषण ठोकलं. जगभरचे कवी एकच सांगतात, आजचा दिवस जगून घ्या! चित्रकार ताज्या फळांशेजारी कवटी का काढतात? सूर लागतो आणि लगेच विरतो, म्हणूनच तो आत्ता ऐकायचा. उद्यावर काही टाकू नका!

रहीमचाचा म्हणाले, "बात खरी हाय. पण टँकर उद्याच हाय!"

*

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापली, तरच तो घुमतो. त्या उन्हाळ्यात चाचांच्या घरी गहू नव्हता. त्यांनी ज्वारीचं पीठ लावून पाहिलं. पहिल्याच थापेला गोळा उडाला आणि गुरुजींच्या मांडीवर पडला!

"चाचा, वाजवायलात का वाढायलात?" गुरुजी म्हणाले. हसून हसून आमची पुरेवाट.

भजन संपल्यावर चाचांनी तो गोळा उचलला, झटकला आणि फडक्यात बांधून घरी नेला. तेव्हा कुणी हसलं नाही.

*

पीठ भिजवायला पाणी द्यायची शिवक्का, म्हणजे अप्पांची बायको. दुकानामागंच घर. पाण्यावर तिचा पहारा असा, की वाटी मागितली तर अर्धी मिळायची. "पखवाजाला पाजा! म्या आज तोंड धुतलं न्हाई!"

एकदा मी तांब्या वर धरून पाणी प्यायलो. चार थेंब गळ्यावरून सदऱ्यात उतरले. शिवक्का बघतच होती.

"दिल्लीत अंगावर पितेत वाटतं?"

*

अप्पांकडे वडिलांचं एक पद होतं. तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं, की ते गायचं, असा वडिलांचा रिवाज. ते गेल्यापासून तळं भरलंच नव्हतं. त्यामुळं पूर्ण पद आता एकट्या अप्पांनाच पाठ.

"अप्पा, मी रिटायर व्हायच्या आत म्हणा!" असं गुरुजी चिडवायचे. मी मात्र हट्टाला पेटायचो. आजच का नाही?

"पोरा, लग्नातला शालू रोज नेसतेत का?" कापडवाले अप्पा म्हणायचे. "पाणी वाहू दे."

*

मग अप्पांचा आवाज बसला. काढे झाले, मध-हळद झाली. शेवटी गुरुजी आणि मी त्यांना लातूरला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, कापावं लागेल. माणूस वाचेल, आवाज नाही.

परतीची एस. टी. धरली. निम्मी वाट सरल्यावर अप्पा म्हणाले, "कांबळे, नवा जिल्हा झाला ते लई बरं झालं. न्हाई तर एवढं ऐकायला उस्मानाबादला जावं लागलं असतं!"

गुरुजींनी तोंड खिडकीकडं वळवलं.

*

ऑपरेशन झालं. अप्पा आता दुकानात बसतात, कापड मोजायचा लोखंडी गज आपटून गिऱ्हाइकाला बोलावतात. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं. सांडव्यावर सगळं गाव जमलं. चाचांनी पखवाजाला गव्हाची कणीक लावून आणली होती. त्यांनी ठेका धरला आणि बराच वेळ नुसता ठेकाच वाजत राहिला.

*

पण खरा किस्सा त्याच्या आधीचा, अप्पा ऑपरेशनला निघाले त्या दुपारचा.

पिशवी भरलेली, एस. टी.ला वेळ होता. मी हात जोडले. "अप्पा, आज तरी!" त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला! पखवाज टाकून सगळे पळाले. शिवक्का घागर घेऊन पुढं, तिच्यामागं कळशी घेतलेले अप्पा, मागं आम्ही. ढकलाढकली, शिव्या, पोरांची रडारड.

शिवक्काचा नंबर आला. तिनं पाइप घागरीत धरला. आणि मागून अप्पांनी वडिलांचं ते पद उचललं.

आवाज चिरलेला, वर जाताना फाटत होता. चाचांनी रिकाम्या डब्यावर बोटं टेकवली. आधी पुढच्या बाया गप्प झाल्या, मग मागची रांग. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

घागर भरली. पाणी काठावरून उतरलं, शिवक्काच्या पायांवरून मातीत धावलं. तिनं पाइप हलवला नाही.

"अक्का, पाणी! पाणी चाललं!" मागची बाई ओरडली.

"वाहू दे," शिवक्का म्हणाली. "त्यांचं व्हायचंय अजून."